जनकाबाईचा अंगठा

आईनं मृत्युपत्रात संत्र्याचा बगीचा आपल्या नावावर केलाय हे कळल्यावर कोणतीही लेक आधी डोळ्याला पदर लावते, मग देवापुढे साखर ठेवते. पुष्पांजलीनं तसलं काही केलं नाही. तिनं कागदाची शेवटची बाजू पाहिली, पुन्हा पाहिली, उजेडाकडे धरून पाहिली आणि ओसरीवर बसलेल्या तिघांना म्हणाली, "हे मायचं नाई."

जनकाबाईच्या तेरवीची भाड्यानं आणलेली भांडी अजून परत गेली नव्हती. ओसरीवरच्या तिघांपैकी एक पुष्पांजलीचा थोरला भाऊ गणेश, अकोल्याला बी-बियाण्याच्या दुकानात नोकरीला असलेला. दुसरे उत्तमराव, वडिलांचे चुलतभाऊ. गावात कुठेही भानगड शिजत असली की चमचा यांच्याच हातात. आणि तिसरे शकूरचाचा, सोनाळ्याचे संत्र्याचे व्यापारी. दरवर्षी झाडावरचा बहार विकत घेताना ते आणि जनकाबाई असे भांडत, की नवख्याला वाटावं आता डोकी फुटतात. सौदा ठरला की दोघं शेजारी बसून मुकाट्यानं चहा पीत.

मृत्युपत्र शकूरचाचांनीच जपून ठेवलं होतं आणि तेच ते घेऊन आले होते. साक्षीदार म्हणून त्यावर त्यांची सही होती. दुसरी सही ज्या दस्तलेखकानं तालुक्याला हा कागद लिहिला त्याची, पण तो मागच्या उन्हाळ्यात वारला होता. कागदात गुंतागुंत काही नव्हती. घर आणि कोरडवाहू शेत गणेशला, बगीचा आणि त्यातली विहीर पुष्पांजलीला. बगीचा जनकाबाईनं म्हशी पाळून, दूध घालून स्वतःच्या कमाईनं घेतलेला, म्हणजे कुणाला द्यायचा ते ठरवायचा हक्क तिचा एकटीचा.

"काऊन नाई?" शकूरचाचा दचकले. "मी सोता होतो न बेटी. माह्या डोयासमोर झालं."

"मंग इथं सही काऊन नाई, चाचा? इथं आंगठा हाय."

शकूरचाचांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "थे मले सांगता येत नाई," ते म्हणाले.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, अंगठा तर अंगठा, त्यात एवढं काय? खेड्यातली म्हातारी अंगठा नाही देणार तर काय इंग्रजीत सही करणार? पण ज्याला असं वाटतं त्याला जनकाबाई माहीत नाही.

गावचं सरपंचपद पहिल्यांदा बायकांसाठी राखीव झालं, तेव्हा कारभारी मंडळींनी जनकाबाईला उभं केलं ते ही बाई तोंडातून ब्र काढणार नाही, या भरवशावर. कारभारी मंडळी म्हणजे मुख्य करून उत्तमराव. ते कागद आणायचे, जनकाबाई भाकरी थापता थापता हात पुसून अंगठा द्यायची. एक दिवस तिसरीतली पुष्पांजली शाळेतून रडत घरी आली. शाळेच्या पटांगणाला काटेरी कुंपण पडलं होतं. आत विटा रचल्या जात होत्या. उत्तमरावांच्या मेहुण्याला वीटभट्टीसाठी ती जागा दिल्याचा ठराव झाला होता, आणि मास्तर सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, "हिच्याच मायनं आंगठा देला."

जनकाबाई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी चूल आवरून ती लेकीसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "शिकव मले."

तिसरीतल्या पोरीनं सरपंचाला शिकवलं. पाटीवर, चुलीच्या राखेत, शेणानं सारवलेल्या ओल्या अंगणात बोटानं. चुकलं की पुष्पांजली आपल्या मास्तरांसारखी तळहातावर पट्टी मारी आणि सरपंच निमूटपणे हात पुढे करी. लेकीनं दया दाखवली नाही आणि मायनं मागितलीही नाही. पावसाळा सरता सरता जनकाबाई ग्रामसभेत उभी राहिली, वीटभट्टीचा ठराव तिनं अडखळत, पण स्वतः, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, रद्द केला आणि खाली सही केली. मग अंगठा वर करून सगळ्या गावाला दाखवला. "आजपासून याले रिटायर केलं," ती म्हणाली. गाव आधी हसलं, मग टाळ्या पडल्या. 'कानामागून आली अन् तिखट झाली' असं उत्तमराव पुढे कितीतरी दिवस पारावर बसून म्हणत होते, पण पटांगण शाळेला परत मिळालं ते मिळालंच.

तेव्हापासून पंचक्रोशीत तिचं नाव पडलं सहीवाली जनकाबाई. म्हातारपणी तिच्या हाताला कंप सुटला. बँकेतला पोरगा चांगल्या मनानं म्हणाला, आजी, सही जुळत नाही, अंगठा द्या, लगेच पैसे देतो. आजी पैसे न घेता घरी आली. रात्रभर हात लोकरीत गुंडाळून झोपली, सकाळी पुन्हा बँकेत जाऊन बसली आणि सही जुळेपर्यंत उठली नाही. पुष्पांजली सोबत होती. बँकेतली माणसं वैतागली होती आणि ती मात्र अभिमानानं फुगून गेली होती. हिला मी शिकवलंय, असं तिला तिथल्या प्रत्येकाला धरून सांगावंसं वाटत होतं. नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी आली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, पण आपण जनकाबाईची मास्तरीण आहोत एवढ्या एका गोष्टीवर ती ताठ मानेनं गावात फिरली होती.

अशा बाईच्या मृत्युपत्रावर निळा अंगठा. पुष्पांजलीच्या मते याचा अर्थ एकच होता. कागद तरी खोटा होता, नाहीतर आई शुद्धीत नसताना कुणी तिचा हात धरून दाबला होता.

"बरोब्बर बोलली पोरगी!" उत्तमरावांनी मांडीवर थाप मारली. "आमच्या जनकावैनीची सही म्हंजे सही होती. ते आंगठा देईन? सूर्य पश्चिमेले उगवंन, पन ते आंगठा नाई देनार!"

जनकाबाईचं इतकं कौतुक त्यांनी ती जिवंत असताना कधी केलं नव्हतं. करून करून भागले आणि देवपूजेला लागले म्हणतात, त्यातली गत. पण देवपूजेमागे नैवेद्य होता. बगीचा रस्त्याला लागून, आणि प्लॉट पाडायला जागा शोधणारं एक गिऱ्हाईक उत्तमरावांच्या ओळखीचं होतं. मृत्युपत्र खोटं ठरलं तर बगीचा भाऊ-बहिणीत अर्धा-अर्धा होणार. विहीर एक, ती उत्तमरावांच्या वाटणीत गणेशकडे जाणार आणि गणेशचा अर्धा त्या गिऱ्हाइकाकडे. अर्धी गाय दूध देत नाही. बिनपाण्याची अर्धी झाडं पुष्पांजलीच्या डोळ्यांदेखत वाळली असती.

गणेश वाईट नव्हता. त्याला स्वतःचं मत नव्हतं, आणि ज्याला मत नसतं त्याला उत्तमराव असतात. सात-बाऱ्यावर नाव चढवायचा अर्ज गेला, तलाठ्यानं नोटीस काढली आणि मुदतीच्या आत गणेशनं हरकत घेतली. आमची आई साक्षर होती, ती अंगठा देत नसे, सबब हे मृत्युपत्र बनावट आहे. प्रकरण सुनावणीसाठी मंडळ अधिकाऱ्यांकडे गेलं.

पुष्पांजली खामगावला वकिलांकडे गेली. त्यांनी कागद पाहिला आणि धीर दिला. मुंबईला मृत्युपत्र कोर्टातून सिद्ध करून घेतात, त्याला प्रोबेट म्हणतात, आपल्याकडे त्याची सक्ती नाही. कागद रजिस्टर केलेला नाही, तरी चालतो. एक साक्षीदार हयात आहे, तो बोलला की बहुतेक काम होईल. "तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की अंगठा आईचा आहे."

"पन थो नसंल तं?"

वकिलांनी चष्मा काढला. "बाई, हे तुमच्या भावानं विचारायचं. तुम्ही नाही."

"माह्या मायनं म्हातारपनी आंगठा देला, असं मी माह्या तोंडानं म्हनू? थ्या बगीच्यासाठी?"

"मग तुम्हाला बगीचा नको?"

नको कसा? त्यातलं एकेक झाड तिनं हातानं जगवलेलं. डिंक्या रोग आला तेव्हा बुंध्याबुंध्याला चुना-मोरचुदाचा लेप लावत ती उन्हात फिरली होती. दुसरं घर नाही, दुसरी कमाई नाही. हे सगळं तिला ठाऊक होतं. परत येताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकवून रडली, आणि उतरली तेव्हा तिचं ठरलेलं होतं. बगीचा गेला तर जाऊ दे. आपल्या आईला अंगठेबहाद्दर म्हणवून घेऊन संत्री खायची नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ तिनं आईकडूनच घेतला होता.

सुनावणीच्या आधी शकूरचाचा बगीच्यात आले. पुष्पांजली पाण्याची नळी सरकवत होती.

"बेटी, जिद करू नको. साहेबासमोर फक्त हाव म्हन. बाकी मी पाहून घेतो."

"चाचा, तिनं आंगठा काऊन देला थे सांगा. आत्ता हाव म्हनतो."

"जबान देली हाय मी तिले."

"तं तुमची जबान तुमच्यापाशी, अन् माह्या मायची सही माह्यापाशी," पुष्पांजली म्हणाली. म्हातारा आळ्याच्या कडेकडेनं निघून गेला.

सुनावणीला मंडळ अधिकाऱ्यांच्या कचेरीत पंख्याखाली सगळे बसले. अधिकारी बाई नव्या होत्या, मृदू बोलणाऱ्या. त्यांनी आधी गणेशची हरकत वाचली, मग पुष्पांजलीकडे वळल्या.

"मृत्युपत्र तुमच्या बाजूचं आहे. भावाच्या हरकतीवर तुमचं काय म्हणणं?"

"माह्या भावाचं म्हननं खरं हाय, मॅडम."

बाईंनी मान वर केली. उत्तमरावांनी समाधानानं मिशीवरून हात फिरवला. गणेश मात्र बहिणीकडे बघतच राहिला, कारण आपल्या हरकतीला सगळ्यात मोठा आधार तिचाच मिळेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"माही माय सही करत होती," पुष्पांजली सांगू लागली. "मीच शिकवली तिले. पटांगनाचा ठराव तिनं वाचून रद्द केला. बँकेत हात थरथरे तरी सही करे, आंगठा देत नसे. म्हनून हा आंगठा तिचा नाई. बगीचा नाई भेटला तं नाई भेटला. पन माह्या मायच्या नावावर हा आंगठा नको."

बाईंनी पेन उचललं. "असंच लिहून घेऊ? विचार करून सांगा. यानंतर मृत्युपत्र टिकणं कठीण आहे."

"लिहा."

"नका लिहू!" शकूरचाचा उभे राहिले होते. टोपी त्यांच्या मुठीत चुरगळली होती. "मॅडम, मले बोलू द्या. जनकाबाई, माफ कर मले, तुही पोरगी आयकत नाई तं मी काय करू?"

शकूरचाचा पुष्पांजलीकडे बघून बोलू लागले, जणू बाकी कुणी तिथं नव्हतंच.

"आमी तालुक्याले गेलो. लेखकानं कागद लिवला, तुह्या मायनं सोता वाचला. सबन वाचला, एक चूकबी काढली. मंग पेन घेतला. बेटी, त्या दिवशी तिचा हात काई केल्या राहेना. कोऱ्या कागदावर सही करे अन् फाडे. करे अन् फाडे. लेखक म्हने, बाई, तुमची सही पंचायतीत हाय, बँकेत हाय. थे अन् हे शेजारी ठेवली तं कोनीबी म्हनंल हे दुसऱ्याची हाय. हात थरथरते, सही बदलते. आंगठा बदलत नाई. थो तपासला तं तुमचाच निंघंन."

चाचांनी मुठीतली टोपी उलगडली.

"तिनं इचारलं, कोन म्हनंल दुसऱ्याची? लेखक म्हने, ज्याले कागद पटनार नाई, थो. ते उठली अन् बाहेर जाऊन बसली. मी चहा नेला, तं घेतला नाई. मले वाटलं आता परत चाल म्हनते. मंग म्हने, शकूरभाऊ, सही माही इज्जत हाय. पन इज्जत माह्यासंगं जयून जाईन. बगीचा पोरीले उरला पाह्यजे. आन म्हना थो शाईचा डबा."

पुष्पांजलीनं बाकाची कड घट्ट धरली.

"आंगठा देला, अन् जीपमधी बसल्यावर संत्र्याच्या सालीनं घासत होती. गाव येईलोक घासत होती. मी म्हनलं, राहू दे न, निंघंन उद्या. तं म्हने, पुष्पाले दिसला नाई पाह्यजे. मास्तरीन हाय थे माही, पट्टीनं मारंल. कोनाले सांगू नको म्हने, अन् तिले तं मुळीच नको. जबान घेतली माह्यापासून."

म्हातारा खाली बसला आणि टोपीनं डोळे पुसू लागला.

पुष्पांजलीला हसू आलं आणि त्याच दमात हुंदका आला. दोन्ही तिला आवरता आली नाहीत. सगळ्या गावासमोर रिटायर केलेला अंगठा म्हातारीनं एका दिवसासाठी कामावर बोलावला होता. कुणी वाद घातला तर काय, याचा तिनं सगळा विचार केला होता. फक्त लेकीच्या ताठ्याचा केला नव्हता. आईनं जो कागद कुणालाच मोडता येऊ नये म्हणून आपला मान बाजूला ठेवला, तो कागद लेक आईच्या मानासाठी मोडायला निघाली होती. पुष्पांजलीला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, पण लाजेच्या वरचढ दुसरं काहीतरी छातीत भरून आलं. एवढी मोठी होती माझी माय, असं तिच्या मनात आलं, आणि मला वाटत होतं मी तिला सगळं शिकवलंय.

गणेशची मान खाली होती. 'ज्याले कागद पटनार नाई, थो' म्हणजे कोण, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आईनं बाहेर बसून चहा न घेता कुणाचा विचार केला असेल, हे तो मुकाट्यानं गिळत होता. उत्तमरावांनी त्याच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुज केली.

"काका, तुमी आता घरी जा," गणेश मोठ्यानं म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं ते बहुधा पहिलं स्वतःचं मत असावं. उत्तमरावांना घरची जनावरं तहानलेली असल्याचं अचानक आठवलं आणि ते उठून चालते झाले.

"पुष्पे," गणेश म्हणाला, "मायले माही भीती वाटली न गं?"

खोटं बोलून त्याला सोडवावं असं तिला वाटलं. पण आईच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही, यासाठीच तर ती इथवर आली होती. "हाव, दादा," ती म्हणाली, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

अधिकारी बाईंनी हरकतीचा कागद गणेशपुढे सरकवला. मग त्यांनी विचारलं, "हरकत मागे घेताय?"

"घेतो," गणेश म्हणाला.

"आणि ताई, तुमचं म्हणणं आता काय लिहू?"

पुष्पांजली उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"लिहा, हा आंगठा माह्या मायचा हाय. जनकाबाई, माजी सरपंच. अन् तिले सही येत होती हेबी लिहा. सही येत असून देला, असं लिहा."

बाईंचं पेन थबकलं. अशा नोंदीत असं वाक्य लिहायची पद्धत नव्हती. एवढं पुरेसं आहे, बाकीची गरज नाही, असं त्या म्हणणार होत्या. पण समोरची बाई खाली बसायला तयार दिसेना, तेव्हा त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि वाचून दाखवलं. पुष्पांजलीनं पुन्हा एकदा वाचायला लावलं, मग सही केली.